प्रवाळाची तब्येत पाहायची तर समुद्री स्लग मोजा, पण त्यांच्या खाण्यासकट

एका डाइव्हमध्ये ४० जातींचे समुद्री स्लग सापडले म्हणजे तिथलं प्रवाळ ठणठणीत आहे, असं मानणं ही या कामातली सर्रास होणारी चूक. प्रवाळ मेलं की त्याच्या सांगाड्यावर आधी केसासारखं शेवाळ चढतं, मग हायड्रॉइड (झुडपासारख्या वसाहतीत वाढणारे दंशधारी जीव), स्पंज, ॲसिडियन (खडकाला चिकटून राहणारे पिशवीसारखे प्राणी) बस्तान बसवतात, आणि या प्रत्येकाला खाणारे स्लग मागोमाग हजर होतात. म्हणजे प्रवाळ ढासळत असताना स्लगच्या जाती काही काळ वाढूही शकतात. नोंदतक्त्यात प्रत्येक जातीपुढे ‘हा काय खातो’ असा रकाना असेल, तरच आकड्याला अर्थ येतो. पुढचं सगळं त्या रकान्याभोवती फिरतं.

स्लगच का

समुद्री स्लग म्हणजे कवच टाकून दिलेल्या किंवा अंगात दडवलेल्या सागरी गोगलगायी. न्यूडिब्रँक हा त्यातला सगळ्यात रंगीत गट. सर्वेक्षणात मात्र शेवाळाचा रस शोषणारे सॅकोग्लॉसन, शेवाळ चरणारे सी हेअर, डोक्यावर ढालीसारखा भाग असलेले हेडशील्ड स्लग आणि बाजूला कल्ले असलेले साइडगिल स्लग हेही धरायचे. फक्त न्यूडिब्रँक मोजले तर शेवाळ खाणारे जवळजवळ सगळे गळतात, आणि बऱ्याच ठिकाणी खरा प्रश्न शेवाळ वाढतंय का हाच असतो.

दोन गोष्टी यांना उपयोगी बनवतात. एक, आयुष्य छोटं: बहुतेक जाती वर्षभराच्या आत संपतात, काही तर थोड्या आठवड्यांत. दुसरी, खाण्याचे नखरे: एखादी जात स्पंजच्या एखाद-दोन प्रकारांवरच जगते. फेस्टिला या स्लगचं पिल्लू तर पोराइट्स प्रवाळातून पाण्यात झिरपणाऱ्या रसायनाची चाहूल लागल्यावरच तळाशी बसून रूप बदलतं. त्यामुळे तळावर काही बदललं की स्लगची यादी काही महिन्यांत बदलते, तर प्रवाळाच्या आच्छादनाची टक्केवारी हलायला अनेकदा वर्षं जातात. बहुतेक जातींची पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत येत असल्यामुळे गरम पाण्याची खबरही यांच्याकडून मिळते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर २०१५ मध्ये गुलाबी ओकेनिया रोझेशिया नेहमीच्या हद्दीच्या बरीच उत्तरेला मोठ्या संख्येने दिसली, ती अशाच गरम पाण्याच्या काळात.

तोटा याच गुणांच्या पोटात आहे. संख्या झपाट्याने वर-खाली होते. आज २०० सी हेअर, महिन्याने एकही नाही, यात प्रवाळाचा काहीही संबंध नसू शकतो. म्हणून एकाच सर्वेक्षणावरून कुठलाही निष्कर्ष काढू नका. निदान दोन वर्षं, वर्षातून चार वेळा, दर वर्षी त्याच महिन्यांत आणि शक्यतो त्याच भरती-ओहोटीच्या टप्प्यावर जा.

खाद्यगट आधी पाठ करा

पाण्यात उतरण्याआधी चमूतल्या प्रत्येकाला हे गट तोंडपाठ हवेत, कारण स्लग शोधण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याचं खाणं शोधणं.

स्पंज खाणारे सहसा यादीत सगळ्यात जास्त भरतात: क्रोमोडोरिस, हिप्सेलोडोरिस, गोनिओब्रँकस, जोरुना आणि पाठीवर पुळ्या असलेली फिलिडियाची मंडळी. स्पॅनिश डान्सर म्हणून ओळखला जाणारा हेक्साब्रँकसही याच गटातला. हा ४० सेंटिमीटर किंवा त्याहूनही मोठा होऊ शकतो आणि रात्रीच फिरतो, म्हणून दिवसाच्या यादीत तो नसणं म्हणजे तो तिथे नाही असं नव्हे.

कडक प्रवाळ खाणारे मोजकेच. फेस्टिला मेलॅनोब्रॅकिया ही नारंगी ट्युबास्ट्रिया प्रवाळावर आणि तिच्या भाऊबंदांवर, फेस्टिलाच्या इतर काही जाती पोराइट्सवर. मऊ प्रवाळ खाणारे फिलोडेस्मियम आणि ट्रायटोनियोप्सिस यांना याच रकान्यात टाकू नका, त्यांची नोंद वेगळी.

हायड्रॉइड खाणाऱ्यांत डोटो आणि कोरिफेलिनासारखे पाठीवर बोटांसारख्या उपांगांचे झुपके असलेले स्लग येतात. या उपांगांना सेराटा म्हणतात, आणि यातले बरेचसे भक्ष्याच्या दंशपेशी न फुटू देता सेराटाच्या टोकाशी साठवून ठेवतात. हात न लावण्याचं हे एक कारण.

हिरवं शेवाळ शोषणारे एलिसिया, थुरिडिला, सायर्सी, कोस्टासिएला. हे कॉलर्पा, हॅलिमेडा, अव्ह्रेनव्हिलिया अशा शेवाळांना भोक पाडून आतला रस ओढतात, आणि काही तर त्यातली हरितलवकं आपल्या अंगात चालू अवस्थेत ठेवतात. सी हेअर शेवाळ चरणारे, पण त्यातला स्टायलोकायलस वेगळा काढा: तो मुख्यतः सायनोबॅक्टेरियाच्या (शेवाळासारख्या दिसणाऱ्या जिवाणूंच्या) तंतूंवर जगतो. नेंब्रोथा ॲसिडियन खातो, तांब्जा ब्रायोझोअन (खडकावर वसाहती करणारे बारीक प्राणी). केलिडोनुरा व्हेरियन्स हा काळ्या अंगावर निळ्या रेघा असलेला हेडशील्ड स्लग प्रवाळावर आणि वाळूत राहणारे बारीक चपटकृमी टिपतो. शेवटी लुटारू: जिम्नोडोरिसच्या बहुतेक जाती दुसऱ्या स्लगना गिळतात आणि फेवोरिनस त्यांची अंडी खातो. यांचं प्रमाण वाढलं तर बाकीचे बहुधा वाढलेले असतात, हा एक छोटा ताळा.

जागा आणि मेहनतीचं माप

एका प्रवाळ भित्तीवर किमान तीन ठिकाणं आणि प्रत्येक ठिकाणी खोलीचे दोन टप्पे घ्या: ३ ते ६ मीटर आणि ८ ते १२ मीटर. ठिकाणं निवडताना ‘इथे स्लग छान दिसतात’ हा निकष नको. तसं केलं तर पुढच्या वर्षी आकडा खालीच येणार, कारण सुरुवातच शिखरावरून झाली. जीपीएसचे अंक टिपा आणि सुरुवातीच्या जागेच्या पाण्याखालच्या ओळखखुणांचे फोटो ठेवा.

पद्धती तीन आहेत. तिन्हींच्या नोंदी कधीही एकत्र करू नका.

पहिली, वेळेवर बांधलेला मुक्त शोध. दोन डायव्हर, प्रत्येकी ६० मिनिटं, म्हणजे १२० मनुष्य-मिनिटं. जाती जास्तीत जास्त सापडतात त्या यात. घड्याळ शोध सुरू झाल्यावर लावायचं, पाण्यात उडी मारल्यावर नव्हे. एखाद्याच्या फोटोत १० मिनिटं गेली तर ती वजा करायची. हे न केल्यामुळे हौशी छायाचित्रकार आणि नुसता शोधणारा यांचे आकडे जुळत नाहीत आणि दोष मात्र प्रवाळाला जातो.

दुसरी, पट्टा. २५ मीटर टेप अंथरा, दोन्ही बाजूंना एकेक मीटर, म्हणजे ५० चौरस मीटर. प्रत्येक बाजूला एक डायव्हर, ३० मिनिटं. प्रत्येक खोलीवर असे तीन पट्टे. मुक्त शोधापेक्षा जाती कमी मिळतात, पण घनता मोजता येते, आणि वर्षांची तुलना करताना हेच आकडे भरवशाचे. टेप वाकड्यातिकड्या खडकावर घट्ट ओढू नका. तो फांद्यांच्या प्रवाळात अडकतो आणि गुंडाळताना तुकडे पाडतो.

तिसरी, शेवाळ धुणं. एलिसियाच्या लहान जाती आणि कोस्टासिएला ५ ते १० मिलिमीटरचे असतात आणि शेवाळाच्याच रंगाचे, नुसत्या डोळ्याला दिसणं कठीण. परवानगी असेल तिथे साधारण एक लिटर मावेल इतकं शेवाळ झिपच्या पिशवीत पाण्याखालीच बंद करा, वर आणून पांढऱ्या ट्रेमध्ये समुद्राच्या पाण्यात पसरा आणि सावलीत ठेवा. पाण्यातला प्राणवायू कमी होऊ लागला की तासा-दोन तासांत स्लग शेवाळातून निघून ट्रेच्या कडांवर चढतात. मोजून, फोटो काढून शेवाळासह त्याच जागी परत सोडा. ट्रे उन्हात राहिला तर पाणी तापून जीव मरतात. फिलिडिया चुकून आत आला असेल तर त्याला ताबडतोब वेगळ्या भांड्यात काढा. त्रास झाला की तो विषारी चिकट स्राव सोडतो आणि त्याच भांड्यातले बाकीचे प्राणी त्याने मरू शकतात.

सोबत काय न्यायचं

मॅक्रो फोटो काढणारा वॉटरप्रूफ कॅमेरा, टॉर्च, दुसरा छोटा राखीव टॉर्च, पाण्याखाली लिहिण्याची पाटी आणि पेन्सिल, मिलिमीटरच्या खुणा असलेली मॅट पांढरी पट्टी, टेप. चकचकीत पट्टी फ्लॅशमध्ये पांढरीफट्ट येते आणि खुणा वाचता येत नाहीत. टॉर्च भर दुपारीही हवाच: पाच-सात मीटरखाली लाल रंग उरत नाही आणि लाल स्लग काळपट दगडासारखा दिसतो.

पाण्यात शोधताना

नवख्याची नजर रंग शोधत फिरते, म्हणून त्याच्या यादीत फक्त मोठे, भडक क्रोमोडोरिस असतात. आधी स्पंज, हायड्रॉइडची झुडपं, ब्रायोझोअनचे जाळीदार पापुद्रे, ॲसिडियनचे गुच्छ ओळखा. त्यांच्याजवळ थांबा. पृष्ठभागापासून ३० ते ४० सेंटिमीटर अंतरावर, डोकं किंचित खाली आणि फिन वर ठेवून तरंगा. तळ खरवडला की गाळ उठतो आणि पुढची दहा मिनिटं वाया जातात. मिनिटाला एक ते दोन चौरस मीटर हा बरा वेग. याहून जलद गेलात तर एक सेंटिमीटरच्या आतले सगळे सुटतात.

अंड्यांच्या फिती नोंदवाच. पांढऱ्या, पिवळ्या किंवा गुलाबी फितीचं वेटोळं दिसलं की अंडी घालणारा सहसा हातभर अंतराच्या आत असतो. नाही सापडला तरी ‘फक्त अंडी’ अशी वेगळी नोंद, जातींच्या संख्येत मिळवायची नाही.

फेस्टिला शोधणं हा वेगळाच उद्योग. पोराइट्सच्या ढेकळाची सावलीतली खालची कड बघा. तिथे नखाएवढा पांढरा डाग असेल तर त्याच्या कडेशी, म्हणजे उघडा सांगाडा आणि जिवंत ऊतक जिथे भेटतात त्या रेषेवर टॉर्च धरा. गाठाळ, फिकट तपकिरी सेराटांचा झुपका पहिल्या नजरेला प्रवाळाचे उघडे पॉलिपच, म्हणजे त्याचे एकेक छोटे जीवच, वाटतो. तळहाताने अलगद पाण्याचा झोत मारा: पॉलिप आत ओढले जातात, सेराटा नुसत्या डोलतात. तरी पांढरा डाग म्हणजे फेस्टिलाच असं गृहीत धरू नका. पोपटमाशाच्या चाव्यात सांगाडाही खरवडलेला असतो आणि दातांच्या जोडओळी दिसतात. ड्रुपेला शंख फांद्यांच्या बुडाशी घोळक्याने बसतात. काटेरी मुकुट तारामासा हातभर पांढरा पट्टा सोडतो.

दगड उलटायचा असेल तर फक्त सुटा, मेलेला तुकडा, आणि पाहून झाल्यावर त्याच बाजूने, त्याच खळग्यात परत. खालच्या बाजूला वाढलेले स्पंज उन्हात उघडे पडले तर मरतात, आणि पुढच्या सर्वेक्षणात दिसणारी घट तुमच्याच हातची असते. बोटं खाली घालू नका. दगडमासा आणि कोन शंख तिथेच असतात. ठरलेल्या चौकटीत उलटलेल्या दगडांची संख्याही लिहा, तीसुद्धा मेहनतच आहे.

फोटो

डाइव्हच्या सुरुवातीला डाइव्ह कॉम्प्युटरच्या पडद्याचा एक फोटो काढा. कॅमेऱ्याचं घड्याळ चार मिनिटं पुढे असलं तरी नंतर त्या फोटोवरून प्रत्येक स्लगची खोली लावता येते. हा एक फोटो विसरला की ८० फोटोंना खोली नसते.

प्रत्येक प्राण्याचे चार फोटो: वरून पूर्ण, बाजूने, डोक्याची शिंगं म्हणजे ऱ्हायनोफोर आणि पाठीमागचा कल्ल्यांचा फुलोरा जवळून, आणि थोडं मागे सरून तो कशावर बसलाय ते दाखवणारा. चौथा फोटो सगळे विसरतात, आणि खाद्यगटाच्या रकान्याला तोच लागतो. पट्टी शेजारी धरा, अंगावर नाही. कल्ले आत ओढले गेले असतील तर दोन मिनिटं थांबा, स्पर्श करू नका. बसलेला म्हणजे खाणारा नव्हे: खाल्ल्याची खूण, अंडी किंवा दोनदा तीच जोडी दिसल्याशिवाय ‘खातो’ न लिहिता ‘यावर सापडला’ लिहा.

ओळख पटवणं

सगळ्यात आधी चपटकृमी बाजूला काढा. स्यूडोसेरोसच्या काही जाती हुबेहूब फिलिडियासारख्या दिसतात. चपटकृमी कागदासारखा पातळ, कडा लहरत सरकणारा. त्याची शिंगं म्हणजे पुढच्या कडेचीच घडी असते आणि कल्ल्यांचा फुलोरा नसतो. फिलिडियाच्याही पाठीवर फुलोरा नसतो, कारण त्याचे कल्ले कडेखाली असतात. म्हणून तिथे फुलोरा न पाहता शिंगं बघा: खऱ्या स्लगची शिंगं स्वतंत्र, खळग्यातून वर आलेली असतात.

रंगावर भिस्त ठेवू नका. काळ्या-निळ्या-नारंगी क्रोमोडोरिसमध्ये अनेक जाती एकमेकींची नक्कल करतात आणि एकाच जातीतही नक्षी बदलते. क्रोमोडोरिस ॲनीच्या निळ्या भागावर बारीक गडद ठिपक्यांची रवाळ छटा असते, एलिझाबेथिनात निळा सपाट. हा फरक फोटोत दिसला नाही तर ‘क्रोमोडोरिस, जात अनिश्चित’ लिहून पुढे जा. चुकीच्या नावापेक्षा खरं ‘माहीत नाही’ हजारपट बरं. फिलिडिएला पस्चुलोसा या नावाखाली तर प्रत्यक्षात अनेक जाती लपल्या आहेत. न ओळखलेल्यांना कायमचा सांकेतिक क्रमांक द्या, जसं ‘एलिसिया ०३’, आणि तो कधीही दुसऱ्याला देऊ नका. नावं एकाच यादीतून घ्या, उदाहरणार्थ वर्म्स ही सागरी जातींची जागतिक नोंदवही. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकले तर जाणकार मदत करतात, पण तिथे दोघांनी होकार दिला म्हणजे ओळख पक्की झाली असं नाही.

त्याच दिवशी प्रवाळाची नोंद

स्लगच्या जोडीला तळाचा आकडा नसेल तर निष्कर्ष काढायला काहीच उरत नाही. पट्ट्याच्या टेपवरच पहिल्या २० मीटरमध्ये दर ५० सेंटिमीटरला खाली काय आहे ते लिहा: कडक प्रवाळ, मऊ प्रवाळ, नुकतं मेलेलं प्रवाळ, मोठं शेवाळ, केसासारखं शेवाळ, सायनोबॅक्टेरिया, स्पंज, तुकड्यांचा खच, वाळू. एका टेपवर ४० बिंदू, तीन टेपचे १२०. कोरलवॉच या प्रवाळ-निरीक्षण प्रकल्पाचा रंगतक्ता घेऊन २० वसाहतींच्या सगळ्यात फिकट आणि सगळ्यात गडद भागाचा आकडा टिपा. तक्त्यावर १ ते ६ पायऱ्या असतात. त्याच वसाहतीत पुढच्या फेरीला दोन पायऱ्यांचा फरक पडला तर तो गंभीर धरायचा. खालच्या खोलीला तापमान टिपणारा लॉगर कायमचा बसवून ठेवा.

आकडे

प्रत्येक नोंद एक ओळ: ठिकाण, तारीख, पद्धत, खोली, मनुष्य-मिनिटं, डायव्हर, जात, संख्या, लांबी, आधार (कशावर सापडला), खाद्यगट, फोटो क्रमांक. काहीही न सापडलेला पट्टाही ओळ म्हणून भरा. शून्य गाळलं की सरासरी खोटी चढते.

न दिसलेल्या जातींचा अंदाज चाओ-१ सूत्राने येतो: सापडलेल्या जाती + (एकदाच दिसलेल्या जातींचा वर्ग ÷ दोनदा दिसलेल्यांची दुप्पट). ३४ जाती, त्यातल्या १४ एकदाच आणि ५ दोनदा, तर ३४ + १९६ ÷ १० = ५३.६. म्हणजे निदान २० जाती नजरेतून निसटल्यात. असा आकडा असताना ‘यंदा ३४, गेल्या वर्षी ३९, घट झाली’ हे वाक्य लिहायचं धाडस कुणी करू नये.

डायव्हरचं मापही काढा. दोघांनी १० चौरस मीटरची एकच जागा एकामागून एक, एकमेकांना न सांगता तपासायची. पहिल्याला १२ प्राणी, दुसऱ्याला ९, समाईक ६, तर अंदाजे एकूण १२ × ९ ÷ ६ = १८. म्हणजे पहिला दोन तृतीयांश शोधतो, दुसरा निम्मे. दर हंगामाच्या सुरुवातीला ही कसोटी घ्या, नाहीतर चमूत माणूस बदलला की प्रवाळ ‘सुधारतं’.

वाचन

जातींचा एकूण आकडा शेवटी बघा, आधी खाद्यगटांचं प्रमाण. एलिसिया, थुरिडिला वाढले आणि टेपवर मोठं शेवाळही वाढलं, तर शेवाळ चरणारे मासे कमी झालेत का किंवा पाण्यात खतं-सांडपाणी येतंय का याचा शोध घ्यायला हवा. स्टायलोकायलसचे थवे म्हणजे जवळपास सायनोबॅक्टेरियाचा फुलोरा (एकदम झालेली दाट वाढ). तो टेपवर दिसला नसेल तर टेप चुकीच्या जागी होता. स्पंज खाणाऱ्यांच्या जाती सलग तीन-चार फेऱ्यांत घटल्या तर स्पंजावर गाळ बसतोय का ते पाहा, कारण स्पंज पाणी गाळून जगतात आणि गाळाने गुदमरतात.

फेस्टिला दिसणं वाईट नाही. मोकळ्या प्रवाळावर मासे त्यांना आटोक्यात ठेवतात. एका पट्ट्यावर पूर्वी एक-दोन असताना अचानक पंधरा-वीस झाले, तर स्लगपेक्षा तिथल्या माशांची मोजणी आधी करा. गरम पाण्यातली नवी जात आली तर लॉगरचे आकडे शेजारी ठेवून बघा, आणि ती पुढच्या दोन फेऱ्यांतही टिकली तरच ‘आली’ म्हणा.

मूळ फोटो आणि पाटीचे फोटो दोन ठिकाणी जपा. एखाद्या जातीचं नाव शास्त्रज्ञांनी बदललं तर नवं नाव वेगळ्या रकान्यात टाका, जुनं खोडू नका. पाच वर्षांनी ती एक जात तीन निघाली, तर परत मोजायला तेच फोटो लागतील.